वरळीचे बेडूक, लीथचें कासव आणि दोन हौशी संशोधक

मुंबईच्या भूगर्भाविषयीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जे निबंध प्रसिद्ध झाले, त्यांचा परामर्श इतिहासाच्या त्रैमासिकांत कां घ्यावा, असा प्रश्न कोणी करील. आमचें उत्तर असें कीं, खडकांतील जीवाश्म हाही एक प्रकारचा लेखच होय. पोथीची पुष्पिका फाटली म्हणजे पोथी निम्मी मुकी होते. ज्याच्या सांपडण्याचें ठिकाण कोणी टिपून ठेविलें नाहीं, त्या जीवाश्माची गत तीच. या कसोटीवर जॉर्ज टॉमस क्लार्क व हेन्री जॉन कार्टर यांचें काम आम्हांस पारखावयाचें आहे. हें काम दोघांचाही पोटाचा धंदा नव्हतें.

क्लार्क (१८०९–१८९८) हे प्रथम शस्त्रवैद्य, पुढें ब्रूनेलच्या हाताखालीं रेल्वेचे इंजिनियर. १८४३ सालीं भांडुपास गेले असतां मुंबईहून ठाण्याकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना त्यांस सुचली, अशी हकीकत सांगतात. घाटकोपर-मुलुंडचे रहिवासी रोज ज्या मार्गानें ये-जा करतात तो हाच. त्यावरून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. याच गृहस्थांनीं १८४७ सालीं लंडनच्या भूगर्भ-मंडळाच्या त्रैमासिकांत मुंबईचा परिसर व बेडकांचे अवशेष असलेले थर यांविषयीं टिपण छापलें. दोन लाव्हाप्रवाहांमधल्या अवधींत जो गाळ साचला, त्यांत हे प्राणी सुमारें साडेसहा कोटी वर्षें गाडलेले होते. टिपणालगतच रिचर्ड ओवेन यांनीं बेडकास ‘राना पुसिला’, म्हणजे चिमुकला बेडूक, असें नांव दिलें. पुढें क्लार्क यांनीं मध्ययुगीन किल्ल्यांवर मोठा ग्रंथ लिहिला (१८८४) आणि ग्लॅमॉर्गन परगण्याच्या सनदा संपादून छापल्या. सनदा जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हा मनुष्य परका वाटूं नये.

तथापि आमचें मत कार्टर यांच्या बाजूनें अधिक झुकतें. कार्टर (१८१३–१८९५) हे कंपनीच्या नोकरींतील डॉक्टर व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस. क्लार्कच्या बेडकांचें नामकरण लंडनला झालें. कार्टर यांनीं मुंबई बेटाच्या भूगर्भावरील आपला निबंध १८५२ सालीं येथल्याच सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढें याच नियतकालिकांत डॉ. भाऊ दाजी यांचे शिलालेखांवरील लेख आले. तेही व्यवसायानें डॉक्टरच! कार्टर यांनीं येथील अश्मीभूत कासवास ‘टेस्टुडो लीथाय’ असें नांव देऊन डॉ. लीथ यांची आठवण त्यांत गोंविली.

आतां दोष पाहूं. ‘टेस्टुडो’ हा भूचर कासवांचा गण. हें कासव तर मान बाजूस वळवून घेणाऱ्या, पाण्यांत राहणाऱ्या कुळांतलें. ओवेन यांच्यासारख्या धुरंधराचा ‘राना’ही टिकला नाहीं, १९३० सालीं नोबल यांनीं त्या बेडकासाठीं ‘इंडोबॅट्रॅकस’ हा स्वतंत्र गण केला. मग हौशी मंडळींचें काम टाकाऊ ठरतें काय? मुळींच नाहीं. वर्गीकरण हा पाठनिर्णय आहे, तो पुढच्याला बदलतां येतो. मूळ प्रत आणि तिचें स्थान ठाऊक असलें म्हणजे झालें. १८६९ सालीं गुंथर यांनीं इजिप्तकडील एका कासवास ‘टेस्टुडो लीथाय’ हेंच नांव दिलें. कार्टर यांचें नांव आधींचें, म्हणून तें मागें घ्यावें लागलें, आणि आज तें कासव लोर्ते यांनीं १८८३ सालीं दिलेल्या ‘क्लाइनमानाय’ या नांवानें ओळखलें जातें. मुंबईंत छापलेल्या एका नांवाचा अधिकार असा दूरवर चालला. १९५३ सालीं विल्यम्स यांनीं मुंबईच्या कासवासाठीं ‘कार्टेरेमिस’ हा गण निर्मिला: कार्टर अधिक ग्रीक ‘एमिस’, कासव. शोधकाचें व वर्णनकाराचें असें एकत्र स्मरण आम्हांस फार आवडलें.

एक गोष्ट मात्र खटकते. या नांवांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. पहार चालविणारा कोणी नाहीं. अंधेरी-जोगेश्वरीकडील आंबोलीच्या खाणींतून मिळालेल्या कासवाच्या कवटीस २००३ सालीं ‘सेठनाय’ हें नांव मिळालें, तें मुंबईच्या भूगर्भाचे अभ्यासक प्रा. सेठना यांच्या गौरवार्थ. तें योग्यच. पण दगड फोडणाऱ्याच्या दृष्टीस आधीं काय पडतें, हें त्याला विचारण्याची चाल आपल्याकडे नाहीं. जवळचा गिल्बर्ट टेकडीचा सुमारें २०० फुटी कातळ लांबून दिसतो, म्हणून त्याची कांहीं तरी बूज राहिली. गाळाचा पातळ थर कोणास दिसत नाहीं, आणि उपनगरांत खाणींच्या जागीं इमारती उठत आहेत.

कार्टर यांनीं सरकारकरितां संपादिलेला पश्चिम हिंदुस्थानच्या भूगर्भावरील निबंधांचा संग्रह १८५७ सालीं मुंबईस छापला. त्यासोबत नकाशांची व चित्रांची निराळी मोठी वही होती. ज्या संग्राहकांकडे ती वही शाबूत असेल, त्यांनीं मंडळास कळवावें. तसेंच अंधेरी, मालाड, बोरिवलीकडील खाणींतला ठसा उमटलेला एखादा दगड कोणाच्या घरीं असल्यास तो कोठून व कोणाच्या हातून आला हें आजच कागदावर लिहून दगडासोबत ठेवावें आणि त्या कागदाची नक्कल आमच्याकडे पाठवावी.