भिक्षुकाची दृष्टी आणि प्रवासवर्णन : ‘माझा प्रवास’चा वाङ्मयीन विचार

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे आजवर प्रामुख्याने १८५७च्या उठावाचे साधन म्हणून पाहिले गेले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली तो भाषेवर संस्कार करून प्रसिद्ध केला; मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली आली. साधन म्हणून ग्रंथाला मर्यादा आहेत : लेखन प्रवासानंतर सुमारे पाव शतकाने झाले आणि त्यात ऐकीव वार्ताही आहेत. वाङ्मय म्हणून त्याचे सामर्थ्य मात्र लेखकाच्या कर्मठ भिक्षुकी दृष्टीतच आहे, असे येथे सुचवावयाचे आहे.

पेणजवळील वरसईचे हे कर्जपीडित वैदिक, बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांसह उत्तरेस निघाले. इतिहास पाहण्याची त्यांना हौस नव्हती. स्नानसंध्या, सोवळे, भोजन आणि दक्षिणा ही त्यांची जग मोजण्याची मापे होती. म्हणूनच १८५८ साली झाशी पडते, तेव्हा वाचकाला लढाईच्या डावपेचांपेक्षा पाण्यावाचून झालेले हाल आणि अंत्यविधीला मुकलेली प्रेते अधिक जाणवतात. विधींची घडी विस्कटणे म्हणजेच जग मोडणे, हे लेखक न सांगता दाखवून जातो.

काल्पीच्या वाटेवरील विहिरीचा प्रसंग या दृष्टीने मननीय आहे. तहानलेली राणी लक्ष्मीबाई विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी काढू देत नाही. स्वतःच काढून पिते. राज्य गेलेले असताना मर्यादा पाळली जाते. प्रसंगाचे कारुण्य या विसंगतीत आहे. शौर्याचे स्तोत्र गाऊन ते साधले नसते.

या दृष्टीची संकुचितता नाकारता येत नाही. ब्राह्मणेतरांची दुःखे तिच्या कक्षेत क्वचितच येतात. तरीही ग्रंथाची घडण तिनेच सिद्ध केली आहे. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले जाते. गोडसे घरी आणतात ती खांद्यावरची गंगेची कावड, आईवडिलांना स्नान घालण्यासाठी. लौकिक हिशेबात फसलेला हा प्रवास धार्मिक हिशेबात पूर्ण होतो. केवळ साधन म्हणून वाचणाऱ्याला ही कावड अनावश्यक तपशील वाटेल. वाङ्मय म्हणून वाचणाऱ्याला तीच ग्रंथाची फलश्रुती आहे.