छेदातली माणसं

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्याविषयी महाराष्ट्रात आदरानं भरपूर बोललं जातं. शोधग्राम, महाराष्ट्रभूषण, पद्मश्री हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचे शोधनिबंध मात्र डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी उघडत नाही. ते उघडावेत, आणि चांगली कथा वाचतो तसे सावकाश, ओळीओळीवर थांबत वाचावेत, कारण या दोघांची कारागिरी त्या मोजक्या पानांत आहे. १९८९, १९९० आणि १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आलेले तीन निबंध इथे वाचू. तिन्ही गडचिरोलीतले. पण बीड जिल्ह्यात बसून वाचताना जागोजागी वाटतं, हे आपल्याच वाडीतांड्याबद्दल लिहिलंय.

दोघंही नागपूरचे एम. डी. दोघांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परतल्यावर १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. जिल्हा तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल आजाराचा अभ्यास केला. शास्त्र म्हणून तो चोख होता, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. हा धडा त्यांनी मनावर घेतला. पुढच्या निबंधांतले प्रश्न लोकांच्या घरातून आलेले आहेत आणि शिस्त हॉपकिन्समधून. या दोन गोष्टींचं जमलेलं मिश्रण हेच त्यांच्या शैलीचं पहिलं लक्षण.

आता १९८९चा निबंध. मुख्य लेखिका राणी बंग. विषय, ग्रामीण स्त्रियांचे स्त्रीरोग. तोवर आरोग्यखात्याच्या लेखी बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. त्यापलीकडे तिचं काही दुखत असेल, ते किती जणींचं दुखत असेल, याची आकडेवारीच नव्हती. दवाखान्यात बसून ती मिळणारही नव्हती, कारण दवाखान्यात येते ती बाई आधीच निवडून आलेली असते: सोसण्याच्या पलीकडे गेलेली, घरच्यांनी जाऊ दिलेली, एसटीच्या तिकिटाला पैसे असलेली. तिच्यावरून गाव ओळखता येत नाही. म्हणून या निबंधाची सुरुवात गावातून होते. दोन गावं घेतली, तिथल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. गणिताच्या भाषेत सांगायचं तर अंश शोधण्याआधी छेद पक्का केला. साथरोगशास्त्राची सगळी प्रतिष्ठा या छेदात असते, आणि तो मिळवणं किती अवघड! अंगावरून पांढरं जातं हे शेजारणीलाही न सांगणाऱ्या बायकांनी तपासणीच्या टेबलावर येणं, तेही कित्येकींनी काही त्रास नसताना, हा केवळ पद्धतीचा विजय म्हणता येणार नाही. त्यामागं डॉक्टरवरचा विश्वास आहे. ६५० या आकड्यात तो सगळा सामावलेला आहे.

आकड्यांची मांडणी पाहा. ५५ टक्के स्त्रियांची काही ना काही तक्रार होती. ४५ टक्के म्हणाल्या, आम्हाला काही नाही. तपासल्यावर मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक तरी आजार निघाला, आणि सरासरीनं प्रत्येकीला ३.६ आजार. आधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के. ५५ आणि ९२ यांच्यामधलं अंतर हाच या निबंधाचा गाभा. जे अंगवळणी पडलं ते दुखणं राहत नाही, ते बाईपण होऊन बसतं, हे लेखकांनी कुठंही लिहिलेलं नाही. दोन आकडे शेजारी ठेवले आणि बाजूला झाले. असा संयम मोठ्या लेखकालाच जमतो.

याहून बारीक एक जागा आहे, ती सहज नजरेतून सुटते. आजार आणि कुटुंबनियोजनाची स्त्रियांसाठीची साधनं यांचा संबंध लेखकांना आढळला. ‘हे सगळं त्या साधनांमुळेच’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि तेव्हा त्यावर टाळ्याही पडल्या असत्या. ते तसं म्हणत नाहीत. संबंध आहे, पण एकूण आजारांचा लहानसा भागच त्यानं उलगडतो, असं ते नोंदवतात. हाती आलेलं सोयीचं उत्तर मोजून पाहायचं आणि अपुरं पडलं तर तसं सांगायचं, ही शास्त्रज्ञाची सचोटी. तिनंच पुढचा निष्कर्ष भक्कम केला: स्त्रीरोगांवरचे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेचा भाग असले पाहिजेत. पाच वर्षांनी, १९९४च्या कैरो लोकसंख्या परिषदेत बाईच्या आरोग्याचा विचार मूल होण्या-न होण्यापलीकडे गेला. त्यामागं जे पुरावे उभे होते, त्यांत या दोन गावांचाही वाटा होता.

याच निबंधातलं आणखी एक वाक्य बीडकरांनी अधोरेखित करून ठेवावं असं आहे: एकूण आजारांपैकी निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. म्हणजे औषधांनी बरे होऊ शकणारे. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढं जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. फडात पाण्याची सोय नाही, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, एक दिवस घरी राहिलं तर खाडा. संसर्ग वाढायला आणखी काय हवं? त्याच्या तीस वर्षं आधी छापलेल्या वाक्यात गोळीनं भागण्यासारखं दुखणं दिसत होतं, आणि आपल्याकडं त्याची वाट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेली. जुना शोधनिबंध असा जिवंत राहतो.

दुसरा निबंध १९९०चा, बालमृत्यूंवरचा. ५८ गावांत न्यूमोनियावर उपचार, ४४ गावं तुलनेसाठी. उपचार करणारे कोण? निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि चक्क सुइणी. औषध साधं, कोट्रायमोक्साझोल. अडचण निदानाची होती. लहान मुलाच्या छातीत न्यूमोनिया आहे की साधा खोकला, हे ओळखण्याची विश्वासाची खूण म्हणजे श्वासाचा वेग. पण श्वास मोजायचे तर साठपर्यंत आकडे यायला हवेत, आणि निरक्षर सुईणीला ते येत नाहीत.

इथं या जोडप्यानं जे केलं ते हातात धरून पाहण्यासारखं आहे. त्यांनी श्वास मोजायचं एक लहानसं साधन बनवलं. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि सहावा लाल. त्याहून मोठ्यासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. आता याची घडण न्याहाळा. दहाच्या पुढं मोजावंच लागत नाही. बाळाच्या वयाप्रमाणं साठ आणि पन्नास ही वैद्यकातली वेगवेगळी मर्यादा ओळींच्या लांबीत बसवून टाकली आहे, ती पाठ करावी लागत नाही. आणि निर्णयाचा क्षण रंगानं दाखवला आहे. एका मिनिटात निदान, निदानातच उपचाराचा इशारा. पाठ्यपुस्तकाचा अख्खा परिच्छेद सुईणीच्या मुठीत मावला, आणि शास्त्राचा काटा तसूभरही हलला नाही. अचूकता कमी न करता अवघडपणा कमी करणं ही साध्या वस्तूंतली सर्वांत कठीण कला आहे.

निकालही त्याच तोलाचा. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या भागात १३.५ टक्के. हे दोन आकडे वाचल्यावर सुईणीच्या अडाणीपणाबद्दल बोलायला कुणाची जीभ रेटेल?

तिसरा निबंध, १९९९चा, नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीविषयीचा, हा या कारकिर्दीतला कळस. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेसाठी. रसिकानं पहिल्यांदा पाहावी ती घाई न करण्याची ताकद. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं फक्त जन्म-मृत्यूंची नोंद. सुरुवातीचा आकडा पक्का झाल्याशिवाय पुढचा आकडा काही सांगत नाही म्हणून. कामाच्या गावांत हजार जन्मांमागं ६२ नवजात दगावत होते, तुलनेच्या गावांत ५८.

दुसरी बारकाई तर फारच देखणी आहे. बाळांना सांभाळणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या, आणि जन्म-मृत्यूंची नोंद करणारी माणसं वेगळी. जिच्या हातून बाळ वाचायचं, तिच्याच वहीत ते गेल्याची नोंद ठेवली असती तर नकळत लेखणी अडखळली असती. आरोग्यदूतीवर अविश्वास दाखवलेला नाही, तिच्यापुढचा मोह काढून घेतला आहे. आणि म्हणून तिच्या यशावर शंका घ्यायला जागा कमी उरली.

तिसरी जागा, जंतुदोष ओळखण्याच्या खुणा. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंद झालं किंवा थांबलं. आधी नीट ओढणाऱ्या बाळाचं दूध ओढणं कमी झालं. आधी चांगलं असलेलं बाळ सुस्तावलं. त्याशिवाय अंग गार किंवा गरम, बेंबीत किंवा कातडीवर पू, पोट फुगणं, श्वास घेताना छाती खोल आत जाणं. यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या की उपचार सुरू. यात ‘आधी’ ही अट कुठून आली? आईकडून. बाळाची तुलना पुस्तकातल्या बाळाशी करायची नाही, कालच्या त्याच बाळाशी करायची, आणि कालचं बाळ आईइतकं कुणाला माहीत? तिची नजर इथं निदानाचं साधन झाली. प्रयोगशाळा नसलेल्या गावात रक्तचाचणीच्या जागी आईची आठवण बसवणारी ही मांडणी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

शाळेचे मोजके वर्ग शिकलेल्या या गावच्या बायका आई-वडिलांच्या संमतीनं बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देत होत्या. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजातांपर्यंत त्या पोचल्या. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. नवजात मृत्युदर हजारी २५.५. तुलनेच्या गावांत काय झालं ते वजा करून निव्वळ घट ६२.२ टक्के. ही वजाबाकी निबंधानं स्वतःहून केली आहे. आणि खर्च: बाळामागं ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांच्या काळजीमागं एक मृत्यू टळलेला. वैद्यकाच्या निबंधातलं हे वाक्य थेट अर्थखात्याच्या टेबलावर ठेवता येईल असं आहे. योजना कशी मंजूर होते हे लेखकांना पुरतं ठाऊक होतं.

ती झालीही. २०११पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी जातात: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आष्टी-पाटोद्याकडची आशा वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन उंबऱ्यात येते तेव्हा तिच्या पिशवीतून त्या ३९ गावांचं शहाणपण आत येतं. एखाद्या शोधनिबंधाचा याहून मोठा गौरव कोणता?

पण बीडमध्ये एक गोष्ट गडचिरोलीहून वेगळी आहे, आणि हे निबंध नीट मुरले की ती टोचायला लागते. आपला छेद जागेवर राहत नाही. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बाळ कारखान्याच्या तळावर कोपीत जन्मतं किंवा कोपीतच वाढतं, आणि त्याचं नाव असतं गावातल्या आशेच्या रजिस्टरात. तिची बेचाळिसाव्या दिवसाची भेट कुलूप लावलेल्या दाराशी होते. बायकांचंही तेच. २०१९च्या पाहणीनं पिशवी काढलेल्या किती हे मोजलं, ते मोलाचंच होतं. पण ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या ऊसतोड बाईची तपासणी, १९८९च्या रीतीनं, व्हायला हवी. दुखणं किती, त्यातलं औषधानं बरं होणारं किती, हे कळलं तरच शस्त्रक्रियेआधीचा उपाय तिच्यापर्यंत नेता येईल.

बंग दाम्पत्याच्या निबंधांच्या वाचनातून हाताला लागते ती त्यांची सवय: जिथं माणसं आहेत तिथली वही शोधायची आणि जवळच्या माणसाच्या हातात साधन द्यायचं. आपल्याकडं फिरत्या माणसांची वही आहे. प्रत्येक मुकादमाकडं कोयत्यांची यादी असते, कुणाला किती उचल दिली याच्या हिशेबासाठी. त्या यादीतल्या नवराबायकोंच्या जोड्या म्हणजेच आपला हरवलेला छेद. आणि प्रत्येक टोळीत चार इयत्ता शिकलेली, सगळ्यांची बाळंतपणं पाहिलेली एक तरी बाई असतेच. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे तीन निबंध मन लावून वाचावेत आणि पुढच्या हंगामात एका टोळीबरोबर तळावर जाऊन राहावं. त्याची पद्धत तयार आहे, तिची परीक्षा होऊन गेली आहे, आणि त्याच्या कामाची वाट पाहणारे लोक आपलेच आहेत.