खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी रंगभूमीवरील आणि मराठी-हिंदी चित्रपटांतील श्रेष्ठ अभिनेत्री व आत्मचरित्रकार. माहेरचे आडनाव लाड. जन्म मुंबई येथे, सुखवस्तू कुटुंबात. शिक्षण कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे झाले. खोटे कुटुंबाला उतरती कळा लागल्यावर चरितार्थासाठी त्या चित्रपटाकडे वळल्या. फरेबी जाल (१९३१) ह्या पहिल्या चित्रपटातील छोट्या भूमिकेने त्यांच्या वाट्याला टीकाच आली. प्रभातच्या अयोध्येचा राजा (१९३२) मधील तारामतीने ती पुसून टाकली.

कुलीन स्त्रियांसाठी चित्रपटाचे दार त्यांनी उघडले, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. कमलाबाई गोखले ह्यांनी फाळक्यांच्या मोहिनी भस्मासुर (१९१३) मध्येच काम केले होते. शिवाय ह्या स्तुतीत कलावंत घराण्यांतून आलेल्या अभिनेत्रींची नकळत अवहेलना होते. दुर्गाबाईंचे खरे कर्तृत्व वेगळे आहे. एकाच संस्थेच्या पगारावर नट बांधलेले असण्याच्या काळात त्यांनी प्रभात, न्यू थिएटर्स, ईस्ट इंडिया अशा निरनिराळ्या संस्थांत भूमिका केल्या आणि साथी (१९३७) ची निर्मितीही केली. अमर ज्योती (१९३६) मधील बंडखोर सौदामिनी ही त्यांची सर्वांत धारदार भूमिका होय. मुलावरचा हक्क नाकारला गेलेली ही आई समुद्रावरील चाच्यांची नायिका होते. पुढे मुघल-ए-आझम (१९६०) मधील जोधाबाईपासून त्यांच्याकडे प्रायः मातेच्याच भूमिका आल्या. त्यांच्या सामर्थ्याच्या मानाने हे क्षेत्र तोकडे होते. ती उणीव रंगभूमीने भरून काढली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या भाऊबंदकीतील आनंदीबाई आणि मॅक्‌बेथवर आधारलेल्या शिरवाडकरांच्या राजमुकुटातील राणी ह्या भूमिकांत सत्तेची लालसा त्यांनी आक्रस्ताळेपणाविना, भारदस्त आवाज व ताठ देहबोली ह्यांच्या बळावर साकारली.

मी, दुर्गा खोटे (१९८२) हे आत्मचरित्र त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडल्यावर प्रसिद्ध केले. हंसा वाडकर ह्यांच्या सांगत्ये ऐका (१९७०) शी त्याची तुलना अपरिहार्य ठरते. हंसाबाईंचे कथन बोललेले आहे. अरुण साधू ह्यांनी ते शब्दबद्ध केले. त्यात आडपडदा नाही. दुर्गाबाईंची लेखणी संयत, कोठे कोठे अतिसंयत आहे. ह्या संयमामागे घराण्याचे संस्कार असले, तरी पैशाची निकड त्यांनी झाकली नाही, आणि तेथेच पुस्तकाचे बळ आहे : ‘कुलीन’ अभिनेत्रीची दंतकथा तिच्या नायिकेनेच मोडली. शांता गोखले ह्यांनी केलेला ह्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पद्मश्री (१९६८) व दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान.