खुर्ची गुणिले तीन

४८,३०० गुणिले ३ करून बघा. उत्तर येतं १,४४,९००. इंडिया बीपीओ प्रमोशन स्कीम या केंद्राच्या योजनेतून साधारण १.४५ लाख रोजगार होतील असं सांगितलं गेलं, तो आकडा हाच. आज या गुणाकाराबद्दल बोलू.

आधी योजना थोडक्यात. ग्राहकांचे फोन घेणं, वसुलीचे फोन करणं, डेटा एन्ट्री, बिलांची तपासणी ही कामं कंपन्या बाहेरून करून घेतात आणि ती मोठ्या शहरांतच साचलेली आहेत. ती लहान शहरांत जावीत म्हणून डिजिटल इंडियाखाली ४९३ कोटींची ही योजना आली. खर्चाच्या निम्म्यापर्यंत मदत, पण एका खुर्चीमागे जास्तीत जास्त १ लाख रुपये. मुंबई, पुणे आणि अशीच मोठी शहरं वगळलेली. राज्यांना ४८,३०० खुर्च्या वाटल्या त्या लोकसंख्येच्या प्रमाणात. स्त्रियांना आणि दिव्यांगांना नोकऱ्या दिल्या तर वाढीव प्रोत्साहन. हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती ३ या आकड्याबद्दल. एका खुर्चीवर दिवसाला तीन माणसं, कारण तीन शिफ्ट. हे गणित महानगरातल्या सेंटरला शोभतं. तिथे दिवसा देशातलं काम, दुपारनंतर ब्रिटनचं, रात्री अमेरिकेचं, असं करत खुर्ची गरम ठेवता येते.

आता समजा, तुमच्या जिल्ह्याच्या गावी सेंटर सुरू झालं आणि काम मिळालं ते थकीत कर्जदारांना मराठीत फोन करायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या सूचनेनुसार वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाहीत. म्हणजे हातात उरले ११ तास. त्यात आठ तासांच्या तीन सोडा, दोन शिफ्टही धड बसत नाहीत. मग त्या खुर्चीवर तीन माणसं बसणार कधी?

तुम्ही म्हणाल, मोबाइल कंपन्यांचं कस्टमर केअर तर रात्रभर चालतं. बरोबर. पण रात्री दोन वाजता फोन येतात किती? तेवढ्यासाठी दिवसाइतक्या खुर्च्या कोण भरेल?

दुसरी अडचण घरी जाण्याची. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३०नंतर स्त्रियांना काम द्यायचं तर त्यांची संमती लागते, आणि सुरक्षेची व ने-आण करण्याची सोय मालकाने करायची असते. नियम योग्यच आहे. पण शहरात एका रस्त्यावरच्या चार-पाच जणी एका गाडीत बसतात. लहान गावात एक उत्तरेच्या खेड्यातली, दुसरी दक्षिणेच्या. शेवटची एसटी कधीच गेलेली. गाड्या वाढतात, खर्च वाढतो, आणि मालक सोपा मार्ग काढतो: रात्री मुलगेच ठेवू. म्हणजे कागदावर तिसरी शिफ्ट आणि स्त्रियांसाठीचं प्रोत्साहन शेजारी-शेजारी असतात. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या आड येतात.

म्हणून योजना फसली असा निष्कर्ष मी काढत नाहीये. दिवसाच्या एकाच शिफ्टमध्ये गावातल्या गावात पगार मिळाला, तरी ज्या मुलीला पुण्याला खोली घेऊन राहणं परवडत नाही तिच्यासाठी ते पुष्कळ आहे. माझं म्हणणं एवढंच, की खुर्ची हे जागेचं माप आहे, रोजगाराचं नाही. तिला सरसकट तीनने गुणलं की प्रत्येक गावात महानगराचं घड्याळ चालतं असं आपण गृहीत धरतो. त्यापेक्षा वर्षभरानंतर त्याच गावात किती जण पगार घेतायत, कुठल्या वेळेला कामावर असतात आणि घरी कसे पोचतात, हे मोजलेलं बरं. आकडा लहान येईल, पण खरा येईल.

तुमच्या गावात असं सेंटर असेल तर एक काम करा. रात्री दहाला तिथून जाताना किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा, आणि कळवा.