निवृत्तांच्या लेखणीचा आत्मपरिचय

आमच्या मंडळाच्या या त्रैमासिकाकडे येणाऱ्या लेखांची प्राथमिक छाननी करण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. त्यांत एका विशिष्ट जातीचे लेखन वाढत चालल्याचे आमच्या लक्षात आले आहे. आयुष्यभर जनसंपर्क, प्रसिद्धी, आकाशवाणी, डाक-तार किंवा वृत्तपत्रे अशा ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि आता काही भगिनीही, ‘स्वतःविषयी काही’ लिहू लागतात. विषय अगदी स्वाभाविक आहे. वेळ आहे, भाषेवर हात बसलेला आहे, आठवणींचा साठा आहे. तरीही यांतले बहुतेक लेख पहिल्या परिच्छेदातच निष्प्राण होतात. हे का घडते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही स्वतः त्याच वर्गातले असल्यामुळे ही चिकित्सा परक्याची नाही, एवढे सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावे.

अशा लेखाचा आरंभ ठरलेला असतो. जन्मगाव, शिक्षण, नोकरीत रुजू झाल्याची तारीख, मग बदल्यांची यादी, पदोन्नती, कोणकोणत्या मंत्र्यांच्या दौऱ्यात सोबत होतो त्याचा उल्लेख, आणि शेवटी ‘आता उर्वरित आयुष्य साहित्यसेवेत घालवण्याचा मानस आहे’ हे वाक्य. हा आत्मपरिचय नव्हे. ही सेवापुस्तिकेची नक्कल आहे. वाचकाला त्यातून अधिकारी भेटतो, माणूस भेटत नाही. याला कोणी अहंकार म्हणतात. आमचे मत निराळे आहे. हा दोष व्यवसायाने लावलेल्या सवयीचा आहे.

प्रसिद्धीच्या कामात लेखकाने अदृश्य राहावयाचे असते. ‘असे कळविण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘आवश्यक ती पावले उचलण्यात येत आहेत’ या वाक्यांना कर्ता नसतो. ती कोणी लिहिली, लिहिताना त्याला काय वाटले, हे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. तीस-पस्तीस वर्षे ज्याने कर्त्याविना वाक्ये लिहिली, त्याला निवृत्तीनंतर एकाएकी ‘मी’ हा कर्ता सापडणार कोठून? मग तो कर्त्याच्या जागी आपले पद ठेवतो. पद जाताच वाक्य मोकळे पडते, म्हणून तो माजी पद ठेवतो.

आपला परिचय आपण कसा करून द्यावा, याचे धडे मराठीत जुने आहेत आणि त्यांतला एक तर आमच्या ग्वाल्हेरशी जवळचा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, त्याचे कारण ते संकोच न करता सांगतात. घरी दारिद्र्य होते, डोक्यावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून दक्षिणा चांगली मिळेल अशी वार्ता होती. पुढे ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा आणि त्यानंतरची कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, मिळवलेले द्रव्य लुटले गेले, आणि गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. एवढा मोठा इतिहास पाहिलेल्या माणसाने स्वतःची ओळख करून दिली आहे ती एक गरजू भिक्षुक म्हणून. त्यामुळेच त्यांच्या शब्दावर आपला विश्वास बसतो. जो आपली गरज लपवत नाही, तो पाहिलेलेही लपवणार नाही अशी खात्री वाचकाच्या मनात निर्माण होते.

या पुस्तकाची पुढची कथाही आमच्या विषयाला लागू आहे. गोडसे भटजींनी हा वृत्तांत लिहिला तो चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. भटजींच्या निधनानंतर, १९०७ साली, वैद्यांनीच तो ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. वैद्य हे ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीशाचे पद भूषविलेले गृहस्थ, विद्वान आणि साक्षेपी. त्यांनी भटजींची भाषा नीटनेटकी केली आणि मजकुरात फेरफारही केले. मूळ पोथीबरहुकूम आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली, तेव्हा भटजींचा खरा आवाज लोकांस ऐकू आला. वैद्यांचे आपल्यावर उपकारच आहेत; त्यांच्या आग्रहाविना हे पुस्तक झालेच नसते, आणि परकीय राजवटीत त्यांना सावधगिरी बाळगणे भाग होते. परंतु आम्हा निवृत्तांची अडचण अशी की भटजी आणि वैद्य हे दोघेही आमच्या एकाच देहात नांदतात. आतला भटजी काही सांगू लागला की आतला वैद्य लगेच वाक्य सुधारावयास बसतो.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईंनी आपल्या वडिलांचे सोवळ्याओवळ्याचे वेड, नवऱ्याचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती एकाच समभावाने सांगितली आहे. स्वतःला हसता येणे हा त्यांच्या परिचयाचा पाया आहे. निवृत्त अधिकाऱ्यांच्या लेखात विनोद असतो, परंतु तो बहुधा शिपायाच्या, कारकुनाच्या किंवा खेडुताच्या अंगावरचा असतो. साहेबाची फजिती झाली, असे त्यांत क्वचित वाचावयास मिळते.

तिसरे उदाहरण विश्राम बेडेकर यांचे. नाटक आणि चित्रपट यांत आयुष्य घालवलेल्या या लेखकाने ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रात स्वतःची कथा तृतीय पुरुषात सांगितली. या पुस्तकास १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फळ खाणारा एक पक्षी आणि नुसता पाहणारा दुसरा, ही उपनिषदातली प्रतिमा त्यांनी शीर्षकातच घेतली आहे. ‘मी’ लिहिणे जड जात असेल तर स्वतःकडे बाहेरून पाहण्याचीही वाट आहे, हे त्यांनी दाखवले. मात्र हा तृतीय पुरुष सरकारी पत्रकातला नव्हे. पत्रकातला तृतीय पुरुष जबाबदारी टाळण्यासाठी असतो. बेडेकरांचा स्वतःची झडती घेण्यासाठी आहे.

येथे आमच्याच लेखनाचा दोष सांगणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात प्रसिद्धीचे काम आमच्याकडे असताना नदीला पूर आला. मदत छावणीत एका म्हाताऱ्या बाईने आमच्या हातातली वही पाहून म्हटले, ‘भैया, लिख लो, हमारी भैंस खूँटे से बँधी रह गई।’ सूचना वेळेवर मिळाली असती तर दावे सोडता आले असते, एवढेच तिला नोंदवून हवे होते. आम्ही मान हलवली. सायंकाळी हिंदीत पत्रक निघाले : स्थिती नियंत्रणात आहे, पशुहानी नगण्य आहे. पत्रक आमच्याच हातचे होते. निवृत्तीनंतर पहिला आत्मपर लेख लिहिला तेव्हा त्या पुराचा उल्लेख आम्ही केला. परंतु ‘पूरकाळात अहोरात्र सेवा बजावण्याची संधी मिळाली’ असा. म्हैस दुसऱ्यांदा बुडाली, आणि या वेळी आमच्यावर कोणाचा दबावही नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हा स्थायिक घराण्यांपुरती खास आहे. आमची नोकरी सारी हिंदीत झाली. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, त्याच्या बऱ्याच पूर्वीपासून आमची घरे येथे आहेत. कचेरीत हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी ही विभागणी आम्हांस कधी खटकली नाही. परंतु तिचा एक परिणाम झाला. आमच्या मराठीला दफ्तराचा स्पर्श फार कमी झाला. आईशी, आत्याशी, देवघरासमोर बोलली जाणारी ती मराठी, ‘हम’च्या सहवासाने ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणणारी, हिंदी क्रियापदे सहज सामावून घेणारी, अजून बरीचशी निरागस आहे. आत्मपर लेखनाला याहून चांगले साधन कोणते? आणि आम्ही काय करतो, तर लिहावयास बसताच हिंदी पत्रकाची वाक्यरचना मराठीत उतरवून घेतो आणि तिला प्रौढ शैली म्हणतो.

उलट टोकाचा दोषही नोंदवला पाहिजे. काही लेखक सेवापुस्तिका टाळतात आणि नम्रतेचे प्रदर्शन मांडतात : आम्ही सामान्य, आम्हांस काही येत नाही, सरस्वतीच्या दारातला हा पामर. ही नम्रताही पदवीसारखीच मिरवता येते. गोडसे भटजी स्वतःला पामर म्हणत बसत नाहीत. कर्ज किती जाचत होते ते सांगतात. तपशील हीच खरी नम्रता होय.

मग नवोदित निवृत्त लेखकाने आरंभ कसा करावा? नियम घालून देण्याचा आमचा अधिकार नाही. तरी छाननी करताना आम्ही अलीकडे एक साधी कसोटी लावतो. लेखातून हुद्दा, खाते आणि मान्यवरांची नावे काढून टाकली तर मागे काय उरते, ते पाहतो. एका डाक-तार खात्यातल्या निवृत्त गृहस्थांच्या लेखात सर्व काढूनही एक वाक्य उरले : मृत्यूची तार असली की ते ती स्वतः घेऊन जात, आणि दार उघडणाऱ्याने आपल्या चेहऱ्यावरून काही ओळखू नये म्हणून वाटेत चेहरा ठाकठीक करीत. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तो चेहरा आता फक्त या वाक्यात आहे. आम्ही त्यांना विनंती केली की लेख येथूनच सुरू करा.

आमची नातवंडे मराठी समजतात, अडखळत वाचतात. आमच्या बदल्यांची यादी ती वाचणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आजोबा काय पाहून गप्प बसले, हे मात्र ती कदाचित अडखळत का होईना वाचतील. तेवढ्यासाठी आम्ही आमचा तो पहिला लेख पुन्हा लिहावयास घेतला आहे. ‘अहोरात्र सेवा’ हे शब्द काढले आहेत. त्या जागी म्हाताऱ्या बाईचे वाक्य, तिच्याच भाषेत, आहे तसे ठेवले आहे.