बलुतं, पगार आणि उचल

मराठी साहित्यात कष्टांचे चित्रण विपुल आहे. कष्टाच्या मोबदल्याचा व्यवहार उलगडून दाखविणारी पुस्तके मात्र थोडी. त्यांपैकी तीन आम्ही अलीकडे पाठोपाठ पुन्हा वाचली : त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गाव-गाडा’ (१९१५), दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ (१९८७). बलुत्याला ‘आय’ आणि बलुतेदाराला ‘आयगार’ म्हणणाऱ्या कानडी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणांस त्यांतील व्यवहार परका वाटू नये.

आत्रे महसूल खात्यातले. कोण काय काम करतो आणि सुगीला खळ्यावरून काय नेतो, हे त्यांनी दप्तरदाराच्या चिकाटीने टिपले. काम होवो न होवो, हक्क मात्र कायम, ही त्यांची मुख्य तक्रार. (आमचीही उमर सरकारी दप्तरात गेली, त्यामुळे त्यांचा त्रागा आम्हांस कळतो.) तथापि हे निरीक्षण कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून केलेले आहे. तोच व्यवहार घेणाऱ्याच्या बाजूने पाहण्यास मराठी वाचकाला त्रेसष्ट वर्षे थांबावे लागले. पवारांच्या पुस्तकात हक्क म्हणून मिळणारा वाटा प्रत्यक्षात भिकेसारखा पदरात पडतो आणि राबण्याला घटकाप्रहर नसतो. याच पुस्तकात मुंबईच्या कावाखान्यातील बाया चिंध्या, कागद, काचा वेचून विकतात. अर्थशास्त्रज्ञांनी ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा १९७० नंतर रूढ केली. ते क्षेत्र त्याआधीच या बायांच्या पाठीवर होते.

‘उचल्या’ तर आपल्या शेजारच्या लातूरचा. चोरीचा शिक्का घेऊन जन्मलेल्या माणसाला सूतगिरणीतील हजेरी म्हणजे नुसता पगार नव्हे, प्रतिष्ठेचा दाखला ठरते. तो दाखला किती कच्चा असतो, हेही लेखक लपवीत नाही. आमच्या मते तिन्हींत हेच पुस्तक सर्वांत धीट.

येथून पुढे मात्र साहित्याची वाट अरुंद होते. बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीला जातात. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत तोडायचे. आजारपणाने दिवस बुडाला तर खाडा. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. आम्ही वाचलेल्या ऊसतोडीच्या बहुतेक कथांत कोपी आहे, थंडी आहे, आसवे आहेत. उचलीची वही नाही. करुणा भरपूर आणि हिशोब गायब, अशा कथेने वाचकाचा गळा दाटतो, परंतु माणूस अडकतो कुठे हे कळत नाही. आत्र्यांचा कोरडेपणा येथे उसना घ्यावासा वाटतो.

आता शहरांत मोबाइलवरून घरपोच माल पोहोचविणारी पोरे आली. त्यांना नोकर न म्हणता ‘पार्टनर’ म्हणतात. कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. मालक कोण, या प्रश्नाला निदान कागदावर तोंड फुटले. ऊसतोडीत तेवढेही अवघड. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. त्या एका कोयत्यात बाईचा वाटा किती, हे मुकादमाच्या वहीत स्वतंत्र लिहिलेले नसते, आणि अजून तरी आमच्या वाचनातील एकाही कथेत ते आलेले नाही.