एकाने ‘हो’ म्हटलं, आवाज दोघांचा गेला

संशोधनाला सुरुवात करताय ना? मग तुमच्या मोबाइलमधलं एखादं चॅट अ‍ॅप उघडा, सेटिंगमध्ये जा आणि आवाजाशी संबंधित काय काय आधीपासून ‘चालू’ आहे ते बघा. मी हे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी केलं. तेव्हा उशीर झाला होता.

मी विहिरींच्या पाण्यावर काम करते. गावातल्या एक मावशी मला व्हॉइस नोट पाठवायच्या : पाणी कधी आटलं, मोटर किती तास चालली वगैरे. संमतीपत्रावर त्यांची सही होती. त्यात मी लिहिलं होतं, हे रेकॉर्डिंग मी आणि माझे गाइड एवढेच ऐकू. पण सगळं ऐकून लिहून काढायचा कंटाळा आला म्हणून मी त्या नोट्स आवाजाचा मजकूर करून देणाऱ्या एका चॅट अ‍ॅपमध्ये टाकल्या. ‘सेवा सुधारण्यासाठी रेकॉर्डिंग ठेवू द्या’ ही सेटिंग तिथे आधीच चालू होती. मी ती चालू केली नव्हती, पण बंदही केली नव्हती. माझ्या संमतीपत्रातलं वाक्य त्या दिवशी खोटं ठरलं.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘वापरणाऱ्याने संमती दिलीच होती की!’ हे उत्तर तपासायला एक जुनी घटना उपयोगी आहे. ऑगस्ट २०१९मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की फेसबुकने मेसेंजरवरच्या व्हॉइस क्लिप बाहेरच्या कंत्राटी माणसांना ऐकायला देऊन लिहून घेतल्या. कंपनीने ते मान्य केलं आणि काम थांबवल्याचं सांगितलं. बचाव असा होता की ज्यांनी आवाजाचं मजकुरात रूपांतर करायची सोय निवडली होती, त्यांच्याच क्लिप यात होत्या, आणि त्यावर कुणाची ओळख नव्हती.

आता या बचावाकडे संशोधकाच्या नजरेने बघा. पहिली अडचण : सोय निवडणाऱ्याला वाटलं, मशीन ऐकणार आहे. माणूसही ऐकेल हे त्याला सांगितलेलंच नव्हतं. दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. ही सोय पाठवलेल्या आणि आलेल्या, अशा दोन्ही क्लिपसाठी होती. म्हणजे बटण दाबलं घेणाऱ्याने, आणि आवाज होता पाठवणाऱ्याचा. घेणाऱ्यासाठी ती निवड असेलही. पाठवणाऱ्यासाठी मात्र ती डिफॉल्टच होती. त्याला कुणी विचारलंच नाही. मावशींच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं.

डिफॉल्टचा जोर किती असतो? जॉन्सन आणि गोल्डस्टीन यांचा २००३मधला ‘सायन्स’मधला छोटासा लेख वाचाच. अवयवदानाला संमती असलेल्यांचं प्रमाण जर्मनीत १२ टक्के होतं, तर शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. जर्मनीत ‘हो’ कळवावं लागत होतं, ऑस्ट्रियात ‘नाही’. पण हा आकडा जपून वापरा. ऑस्ट्रियात इतके लोक प्रत्यक्ष अवयव देतात असा त्याचा अर्थ नाही. त्यांनी नकार नोंदवलेला नाही, एवढंच त्यातून कळतं. ‘आमच्या बहुतेक वापरकर्त्यांनी ही सेटिंग चालूच ठेवली आहे’ हे वाक्यही असंच वाचायला हवं. ते गप्प राहिलेल्यांची मोजणी करतं.

कायदाही गप्प राहण्याला होकार मानत नाही. युरोपियन न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे वैध संमती नव्हे. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असं म्हटलंय. पण त्याच कायद्याच्या कलम १७मध्ये संशोधनासाठी सशर्त सवलत आहे. तिच्याकडे पळवाट म्हणून बघू नका. कायद्याने सूट दिली म्हणून मावशींना दिलेला शब्द सुटत नाही.

‘नाव काढून टाकलं की झालं’ हेही आवाजाला लागू पडत नाही. मजकुरातलं नाव बदलता येतं. आवाजात मात्र वय असतं, दम लागणं असतं, बोली असते. वऱ्हाडी किंवा मालवणी कानाला लगेच कळते, आणि गावातल्या माणसाला तर दोन वाक्यांत माणूसही कळतो. शिवाय मागे घरातलं सगळं ऐकू येतं. मावशींच्या एका नोटमध्ये त्यांच्या सूनबाई स्वतःच्या गोळ्यांबद्दल बोलत होत्या. त्यांनी तर कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

मी गावी जाऊन मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, मी तुला सांगितलं होतं ना, त्यांना कुठं सांगितलं?’ मग जरा वेळाने म्हणाल्या, ‘विहिरीचं राहू दे. सुनेचं काढ.’ मी त्या अ‍ॅपमधल्या नोट्स पुसल्या, सेटिंग बंद केली. पण त्याआधी कुणी ऐकल्या का, हे मी त्यांना सांगू शकले नाही.

डिफॉल्ट बदलता येतं, हेही लक्षात घ्या. २०१९मध्येच सिरीच्या रेकॉर्डिंगवरून टीका झाल्यावर ॲपलने माफी मागितली आणि रेकॉर्डिंग ठेवण्याआधी विचारायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोटचा मजकूर करायची सोय फोनवरच चालते, असं कंपनी सांगते. पाठवणाऱ्याला तिथेही विचारत नाहीत, पण निदान त्यासाठी आवाज तिसऱ्याकडे जात नाही. म्हणजे तांत्रिक अडचणीचं कारण फार पुरत नाही.

तुमच्या पहिल्या मुलाखतीआधी संमतीपत्रात एवढं तरी लिहा : आवाज कोणत्या अ‍ॅपमधून जाईल, तिथे तो किती दिवस राहील आणि गाइडशिवाय आणखी कोण ऐकू शकेल. उत्तर माहीत नसेल तर ते अ‍ॅप वापरू नका. बसून हाताने लिहून काढा. वेळ लागतो, मी सध्या तेच करतेय.